सुताराच्या करवतीनं ॲल्युमिनियमचा पत्रा: सौर वाळवणी पेटीच्या नोंदी

२ फेब्रुवारी २०२५, औसा

बचत गटाच्या ताईंनी सौर वाळवणी पेटीचं काम दिलंय. मेथी, कांद्याचे काप, टोमॅटो, लाल मिरची उघड्या माळवदावर वाळवली की धूळ बसते, माश्या बसतात, आणि मार्चमध्ये एखादी अवकाळी सर आली की सगळंच जातं. उन्हाळ्याचं वाळवण सुरू व्हायच्या आत पेटी उभी करायची.

रचना साधी आहे. खाली दक्षिणेकडं तोंड करून तिरपं तापकपाट, म्हणजे उन्हानं हवा तापवायची पेटी, त्याच्या वरच्या टोकाला जाळ्यांचं कपाट, मागं धुराडं. औशाचा अक्षांश १८ अंशाच्या थोडा वर येतो, म्हणून तापकपाटाचा उतारही साधारण तेवढाच ठेवतोय. फेब्रुवारी-मार्चात ऊन त्यावर जवळजवळ सरळ पडेल. आत काळा रंग दिलेला ॲल्युमिनियमचा पत्रा. आठ बाय चार फुटांचा अख्खा पत्रा न ठोकता त्याच्या आडव्या आठ पट्ट्या करायच्या आणि कौलं चढवतात तशा एकीवर एक चढवायच्या, मध्ये प्लायचा तुकडा ठेवून फट सोडायची. हवा पट्टीच्या वरूनही जाईल, खालूनही.

चौकटीचं लाकूड घरातलंच आहे. १९९३ च्या सप्टेंबरातल्या भूकंपानंतर आमच्या तालुक्यात माळवदं उतरवली गेली, त्यातल्या सागाच्या तुळया अजून कितीतरी घरांच्या मागं पडून आहेत. तीस वर्षं वाळलेलं लाकूड, ते आता वाकणार नाही. फक्त त्यात जुने खिळे असतात. प्रत्येक तुळई चुंबक फिरवून तपासतो, मगच करवतीखाली घेतो.

नोंदी ठेवतोय त्या लाकडासाठी नव्हे, पत्र्यासाठी. लातूरच्या एमआयडीसीत शिअरिंग मशीनवर पत्रा सरळ कापून मिळतो, आणि ज्याला नुसते सरळ तुकडे हवेत त्यानं तेच करावं. पण पेटीत पत्रा जागेवर मापून कापावा लागतो. कुठं खाच, कुठं गोलाई, कुठं दोन सूत (सूत म्हणजे इंचाचा आठवा भाग) कमी. प्रत्येक वेळी लातूर गाठणं शक्य नाही, आणि प्रत्येक गावात शिअरिंग नाही. सुतार मात्र बहुतेक गावांत आहे. त्याच्याकडच्या हत्यारांनी हे काम स्वच्छ होतं की नाही, हे नीट तपासून लिहून ठेवावंसं वाटतं.

६ फेब्रुवारी

पत्रा आणला. २० गेज, म्हणजे एसडब्ल्यूजी या ब्रिटिश गेजमापाच्या हिशोबानं ०.९१ मिलिमीटर. दुकानात गेजवर विसंबू नये, व्हर्नियर खिशात न्यावा. गेजचा आकडा वाढला की जाडी कमी होते, हे पुष्कळांच्या ध्यानात राहत नाही. २२ गेज ०.७१, १८ गेज १.२२. वजनावरूनही पडताळा होतो: या जाडीचा आठ बाय चारचा पत्रा साडेसात किलोच्या थोडा आतच भरायला हवा. तसा भरला.

जात विचारून घेतली. शुद्ध, मऊ ॲल्युमिनियम (१०५०, ११००) वाकायला छान, पण करवतीला चिकट. त्याचा कीस दात्याच्या पोटात जाऊन बसतो. ६०६१ सारखा कडक मिश्रधातू उलट स्वच्छ कापतो, पण तापपट्टीसाठी त्याचा उपयोग नाही: महाग आणि उष्णता वाहून न्यायला शुद्धापेक्षा कमी. मऊच घेतला, त्यातला अर्धकडक, एच१४ चा. वरची पारदर्शक फिल्म काढलेली नाही. ओरखडे वाचतात, आणि खुणा त्यावर पेनानं करता येतात.

एक ताई म्हणाल्या, "दादा, जीआयचा पत्रा स्वस्त पडतोय की." पडतो. पण जीआय म्हणजे आत पोलाद, वर जस्ताचा मुलामा. या नोंदींतलं काहीही जीआयला लागू नाही. लाकडाची गोल करवत ज्या वेगानं फिरते त्या वेगात पोलाद घातलं तर ठिणग्या उडतात आणि दाते जातात. जीआयला कात्री लावावी. शिवाय टोमॅटोचा आंबट रस जस्ताला लागला की जस्त विरघळून अन्नात उतरतं. तसं आंबट-खारट अन्न ॲल्युमिनियमवरही ठेवणार नाही. अन्न ठेवायच्या जाळ्या स्टेनलेसच्या, ॲल्युमिनियम फक्त हवा तापवायला. हे ताईंना नीट समजावून सांगितलं. त्यांचं धान्य, त्यांची लेकरं, तेव्हा पेटीत काय कशाला लागतंय ते त्यांना ठाऊक असायलाच हवं.

९ फेब्रुवारी

आज फक्त तुकड्यांवर तपासणी. हाताच्या करवती आणि जिग सॉ (वर-खाली चालणाऱ्या पात्याची विजेची करवत).

फिटर लोकांचा जुना नियम आहे: कापायच्या जाडीत किमान तीन दाते एका वेळी असावेत. ३२ दाती हॅक्सॉचं पातं घेतलं, म्हणजे इंचात ३२ दाते, तरी दोन दात्यांत ०.८ मिलिमीटर अंतर. पत्रा ०.९ चा. जाडीत तीन दाते बसवायचे तर इंचाला ऐंशीच्या पुढं दाते लागतील, आणि तसं पातं सुताराला कुठं मिळणार? म्हणून पत्रा उभा धरून हॅक्सॉ काटकोनात चालवला की एकेक दाता कडेत अडकतो, पत्रा थरथरतो, कड चिंध्यांसारखी फाटते.

यावर दोन उपाय आहेत. पहिला: करवत जवळजवळ आडवी पाडायची. करवत जितकी तिरपी, तितकी पत्र्यातून जाणारी वाट लांब आणि तितके जास्त दाते एका वेळी कामाला. पत्रा टेबलाच्या कडेला क्लॅम्प करून, खुणेच्या अगदी लगत आधार ठेवून, हॅक्सॉ अगदी झोपवून चालवला तर छोटे काप चांगले येतात.

दुसरा उपाय खरा सुताराचा: पत्र्याची जाडीच वाढवायची. खाली प्लाय, वर प्लाय, मध्ये पत्रा, आणि तिन्ही घट्ट दाबलेले. करवतीच्या हिशोबी आता तो एक मिलिमीटरचा पत्रा उरत नाही, तेरा-चौदा मिलिमीटरचं लाकूड होतं, ज्यात मध्ये एक थर जरा वेगळा आहे. बारीक दात्यांच्या हातकरवतीनं, चुलीकरवतीनं म्हणा, ही थप्पी कापून पाहिली. लाकडासारखीच कापली गेली. काप उघडला तर पत्र्याच्या कडेवर नखाला जेमतेम लागेल इतकी बर, म्हणजे कडेला उरलेली धातूची खरखरीत धार.

भाचा मदतीला होता. म्हणाला, "मामा, पत्र्याला लाकूड कशाला बांधलालाव? उलटं काम वाढतंय." त्याला एकदा नुसता पत्रा आणि एकदा थप्पी कापायला दिली. नुसत्या पत्र्याची कड पाहून त्यानं स्वतःच पुढचा तुकडा प्लायमध्ये घातला.

कारण समजून घेण्यासारखं आहे. दाता धातूवर येतो तेव्हा धातूला दोन वाटा असतात: कापलं जाणं किंवा वाकून बाजूला होणं. मऊ धातूला वाकणं सोपं, म्हणून तो वाकतो, आणि वाकलेला भाग म्हणजेच बर. खाली लाकूड चिकटून असेल तर वाकायला जागाच नाही, मग कापलं जाण्यावाचून गत्यंतर नाही. म्हणून आधार कापाच्या अगदी लगत हवा. दोन सूत जरी लांब राहिला तरी तेवढ्यात पत्रा वाकतो.

जिग सॉ: टी-११८-ए पातं, १ ते ३ मिलिमीटर धातूसाठीचं. अर्ध्या मिलिमीटरच्या आसपासच्या पातळ पत्र्याला टी-११८-जी त्याहून बारीक दात्यांचं येतं. जाड ॲल्युमिनियमचं टी-१२७-डी इथं कामाचं नाही, त्याचे दाते लांब लांब आहेत, ३ मिलिमीटरच्या पुढं त्याचा उपयोग. झोक्याची (पातं पुढं-मागं झुलवायची) कळ शून्यावर ठेवायची. लाकडात झोका वेग वाढवतो, पत्र्यात तो दाते आपटतो. वेग मध्यम. जिग सॉचं पातं वर येताना कापतं, म्हणजे पत्र्याला वर उचलायला बघतं. इथं वरच्या प्लायचं काम खालच्यापेक्षा जास्त महत्त्वाचं.

वंगण म्हणून जुने लोक रॉकेल लावत. ॲल्युमिनियमला रॉकेल मानवतं यात शंका नाही. पण सुताराच्या दुकानात जमिनीवर भुसा, आणि मशीनच्या मोटारीत कार्बन ब्रशच्या ठिणग्या. रॉकेल वापरणार नाही. साधी मेणबत्ती पात्यावर घासली. ॲल्युमिनियमचा कीस दात्याला चिकटायचा थांबतो, आणि मेण नंतर थिनरनं पुसून निघतं. आज मेण न लावता कापलेल्या पात्याच्या खोबणी चंदेरी भरून आल्या, मेण लावलेल्या मोकळ्या राहिल्या.

११ फेब्रुवारी

गोल करवत. मुख्य काम हिच्यावर होणार, म्हणून सविस्तर लिहितो.

आधी मार्बल कटरबद्दल. आमच्या भागात निम्मे सुतार चार इंची मार्बल कटरला लाकडाचं दात्यांचं पातं लावून काम करतात. स्वस्त पडतं, हलकं आहे, हे मान्य. पण ते मशीन फरशी कापायला, बिनदात्यांच्या पात्यासाठी केलेलं आहे. मिनिटाला बारा हजारांच्या आसपास फेरे. ११० मिलिमीटर पात्याच्या कडेचा वेग सेकंदाला जवळजवळ ७० मीटर होतो. सात इंची गोल करवत पाच हजार फेऱ्यांना ४८ मीटरच्या जवळ राहते. वर मार्बल कटरला आपोआप मिटणारं खालचं कवच नाही. पत्रा अडकून मशीन मागं उसळलं तर उघडं पातं थेट मांडीकडं येतं. मी भाच्याला स्पष्ट सांगितलंय: त्या मशीनला दाते लावायचे नाहीत. लाकडालाही नाही, पत्र्याला तर नाहीच. हात-पाय गेलेल्या कारागिराला कुणी काम देत नाही.

लोखंड कापायची ग्राइंडरची चकतीही ॲल्युमिनियमला नको. मऊ धातू चकतीच्या कणांत भरतो, चकती कापायची थांबते आणि नुसती घासून तापते. बेंच ग्राइंडरच्या दगडाचं तर आणखी वाईट, भरलेला दगड तापून फुटू शकतो.

पातं: सात इंची, ६० दाती (इथं अख्ख्या पात्याला मिळून ६०), टीसीटी, म्हणजे दात्यांना कार्बाइडच्या टिकल्या असलेलं. ॲल्युमिनियमसाठी खास पातं मिळतं, त्याचे दाते जरा मागं झुकलेले असतात आणि एक सपाट, एक कोपरे मारलेला असे आलटून पालटून. जो रोज हे काम करेल त्यानं तेच घ्यावं. मागं झुकलेला दाता पत्र्याला ओढून घेत नाही. पण बारीक दात्यांचं, धार शाबूत असलेलं लाकडाचं पातंही मऊ पत्र्याला चालतं. २४ दाती, फाडकामाचं पातं मात्र नको.

आता खोली. बरेच जण पातं पूर्ण खाली सोडून पत्रा कापतात. तेव्हा पातं पत्र्यातून जवळजवळ उभं जातं, एका वेळी एकच दाता लागतो, आणि प्रत्येक दाता म्हणजे एक ठोसा. सात इंची ६० दाती पात्याच्या दोन दात्यांत साडेनऊ मिलिमीटरचं अंतर असतं, तेव्हा हे व्हायचंच. त्याउलट वर सहा मिलिमीटरचा प्लाय, मध्ये पत्रा, खाली जुना शटरिंग प्लाय, आणि पातं खालच्या प्लायमध्ये जेमतेम चार मिलिमीटर उतरेल इतकंच सोडलं, तर पात्याची ४४-४५ मिलिमीटरची कमान सतत मालात राहते. म्हणजे चार-पाच दाते कायम रुतलेले. मशीन शांत चालतं. आवाजातच फरक कळतो: नुसत्या पत्र्याची किंकाळी, थप्पीची नुसती घरघर.

हातातली गोल करवत खालून वर कापते, तेव्हा चांगली बाजू खाली. टेबलावर बसवलेली करवत वरून खाली कापते, तेव्हा चांगली बाजू वर. टेबलावर पातळ पत्रा कुंपणपट्टीच्या (माल सरळ सरकवायच्या आधारपट्टीच्या) खाली सरकून अडकण्याची भीती असते, म्हणून मी सरळ लांब कापांना हातातली करवत आणि रंधून सरळ केलेली सागाची पट्टीच पसंत करतो.

मशीन ढकलायचा वेग हातालाच कळतो, पण खूण सांगतो. पडतो तो कीस चमकदार, छोट्या चकल्यांचा हवा. पीठ पडत असेल तर आपण फार हळू चाललोय, दाते कापत नाहीत, घासतात, आणि घासण्यातून उष्णता होते. ॲल्युमिनियम ६६० अंशाला वितळतं, पण त्याच्या कितीतरी आधी मऊ पडून दात्याला चिकटू लागतं.

चष्मा, कानाला बोळे. हातमोजे पत्रा उचलताना हवेत, फिरत्या पात्याजवळ अजिबात नकोत. मोजा ओढला गेला की बोटंही जातात.

१६ फेब्रुवारी

पट्ट्या कापल्या. प्रत्येकी ३०० मिलिमीटर. पात्याची खाच दोन मिलिमीटरची, आठ पट्ट्यांना सात खाचा म्हणजे १४. एकूण २४१४. पत्रा २४४०. टोकाला पडलेली पट्टी जपून ठेवली, चाचणीला लागते.

पद्धत: जमिनीवर शटरिंग प्लाय, त्यावर पत्रा, खुणेवर सहा इंच रुंद प्लायची पट्टी, तिच्यावर सागाची मार्गपट्टी. दोन टोकांना सी क्लॅम्प. मधल्या भागात दाब कमी पडतो, तिथं वाळूची पिशवी ठेवली. कापला जाणारा भाग लोंबकळता ठेवायचा नाही, दोन्ही बाजू प्लायवरच हव्यात, नाहीतर शेवटच्या इंचात पट्टी वाकते आणि कोपरा दुमडतो. प्रत्येक कापाआधी पातं थांबवून, वायर काढून, मेणबत्ती. वायर काढायचा कंटाळा करू नये.

दुपारी वीज होती पण दाब कमी. मशीनचा आवाज उतरला की मी थांबतो. मोटार दमलेली असताना पत्र्यात पातं अडकवण्यात अर्थ नाही. संध्याकाळी दाब सुधारला तेव्हा उरलेल्या पट्ट्या झाल्या.

१७ फेब्रुवारी

कडा आणि कीस.

कडांची बर कानशीनं काढली. कानशीला आधी खडू घासायचा, शाळेतला साधा खडू. ॲल्युमिनियमचे कण कानशीच्या दातांत अडकतात आणि मग तेच कण कामावर खोल चरे पाडतात. खडू असला की ते झटकून निघतात. कानस कडेच्या दिशेनं लांब ओढायची, आडवी रेटायची नाही. शेवटी २२० चा पॉलिश पेपर लाकडी ठोकळ्यावर गुंडाळून दोन्ही कोपरे मारले. कड बोटाला लागता कामा नये, पुढं या पट्ट्यांजवळ ताईंचे हात जाणार आहेत.

किसाबद्दल मला फार काळजी वाटते, आणि याबद्दल कुणी बोलत नाही. आमच्या दुकानातला भुसा लोक घेऊन जातात. कोंबड्यांच्या खुराड्यात अंथरतात, गोठ्यात टाकतात. त्यात धातूचा कीस मिसळला तर तो जनावरापर्यंत पोचणार. गाई-म्हशी चारा न निवडता गिळतात; टोकदार धातू जाळीपोटात रुतून बसतो आणि पुढं पडदा भेदून हृदयापर्यंत जाऊ शकतो. लोखंड गिळलं असेल तर डॉक्टर पोटात चुंबक सोडतात. ॲल्युमिनियम आणि पितळ चुंबकाला लागत नाहीत. म्हणजे तो उपायही चालणार नाही.

म्हणून पत्रा कापायच्या आधी जमीन पूर्ण झाडून भुसा बाहेर काढला, खाली जुनी ताडपत्री अंथरली, आणि कापून झाल्यावर ताडपत्रीसकट सगळं गोळा करून वेगळ्या डब्यात भरलं. प्लाय आणि ॲल्युमिनियमचा मिसळलेला तो भुसा कुणालाही द्यायचा नाही. भुसा ओढायच्या मशीनलाही पत्र्याच्या वेळी हात लावला नाही. लाकडाच्या पिठात गरम धातूचा कण जाऊन पिशवी धुमसायला लागणं सहज शक्य आहे. निव्वळ पत्र्याचे तुकडे भंगारवाला वेगळ्या भावानं घेतो, ते बाजूला.

२३ फेब्रुवारी

कपाटाच्या मागच्या पत्र्याला हवेची चार तोंडं. चौकोनी, कोपरे गोल. टोकदार कोपऱ्यातून पत्रा पुढं चिरत जातो, गोल कोपऱ्याला ते भय नाही. आधी चारही कोपऱ्यांना भोकं, मग जिग सॉनं भोकापासून भोकापर्यंत.

पातळ पत्र्याला भोक पाडताना ड्रिलचं टोक आरपार जातं त्या क्षणी पत्रा बिटावर चढतो आणि पंख्यासारखा फिरतो. तो बोटं कापतो. पुन्हा तेच: वर-खाली लाकूड, क्लॅम्प, आणि मग ड्रिल. भोकही तिकोनी न होता गोल येतं. मोठ्या भोकांना पायऱ्यांचं बिट उत्तम.

२६ फेब्रुवारी

महाशिवरात्र. काम बंद. लातूरला सिद्धेश्वराच्या जत्रेला घरचे सगळे गेलो.

१ मार्च

लातूरला एका ओळखीच्या फर्निचरवाल्याकडं चौदा इंची बँड सॉ आहे. पट्ट्या चौकटीला धरून ठेवणाऱ्या कोनांचे तुकडे तिथं केले, सगळे एकाच मापाचे. उरलेल्या पत्र्याचे तुकडे एकावर एक रचले, वर-खाली प्लाय, टाकाऊ भागातून स्क्रू मारून गठ्ठा बांधला, वर कागदी नमुना चिकटवला आणि एकाच वेळी सगळे कापले. गठ्ठ्याची जाडी वाढल्यावर दात्यांचा नियम आपोआप पाळला जातो. पाव इंची, इंचाला १४ दाती पातं.

लाकडाची बँड सॉ मिनिटाला नऊशे मीटरच्या आसपास चालते. ॲल्युमिनियमला तो वेग सोसतो, पितळेलाही बऱ्यापैकी. पोलादाला त्याच्या कितीतरी पट कमी वेग लागतो, म्हणून या मशीनवर लोखंड नाही. सॉ मिलमधल्या ओंडके फाडायच्या मोठ्या बँड सॉचा इथं काही उपयोग नाही, तिचे दाते बोटभर अंतरावर असतात.

४ मार्च

धुराड्याची झडप पितळेची. गोल, मध्ये पाकळ्यांची नक्षी. नक्षीही हवेचं काम करते: खालची चकती फिरवली की पाकळ्या उघडतात किंवा मिटतात.

पितळ ॲल्युमिनियमपेक्षा वेगळ्या स्वभावाचं. जड, साधारण तिप्पट. कोरडंच कापलं जातं, कीस तुटक पडतो, दात्याला फारसा चिकटत नाही. पण ड्रिलला ओढून घेतं. बिटाची धार दगडावर किंचित बोथट केली, म्हणजे ती धातूत खुपसून न जाता खरवडत जाते. तांबं दोन्हींपेक्षा त्रासाचं आहे, लिबलिबीत कापलं जातं, त्याला मेण भरपूर लागतं.

पाकळ्या सोनाराच्या बारीक करवतीनं काढल्या. पातं दोऱ्यासारखं, दाते खाली तोंड करून लावायचे, म्हणजे ओढताना कापतं आणि पत्रा टेबलावर दाबला जातो. टेबलाच्या कडेला व्ही आकाराची खाच पाडलेली फळी ठोकली, पत्रा त्या खाचेवर ठेवून करवत खाचेच्या पोटात चालवायची. वळणावर करवत जागच्या जागी वर-खाली करत पत्रा फिरवायचा. घाई केली की पातं तुटतं. हे काम करताना संध्याकाळ कधी झाली कळलं नाही. आयुष्यभर लाकडात पाकळ्या कोरल्या, त्याच पितळेत उतरताना पाहून फार समाधान वाटलं.

९ मार्च

जोडणी. ॲल्युमिनियम तापलं की वाढतं, आणि पुष्कळ वाढतं. चार फुटी पट्टी सकाळी २० अंशाला आणि दुपारी ८० अंशाला असेल तर लांबीत पावणेदोन मिलिमीटरच्या जवळ फरक पडतो. सागाची चौकट उन्हानं लांबीत जवळजवळ हलत नाही. पट्टी दोन्ही टोकांना घट्ट आवळली तर ती मधून फुगते, फट बंद होते, हवेची वाट बदलते. म्हणून प्रत्येक पट्टीला एका टोकाला गोल भोक, दुसऱ्या टोकाला लांबट. लांबट भोकाचा स्क्रू आवळून अर्धा फेरा सैल सोडला.

स्क्रू स्टेनलेसचे, खाली रबरी वायसर. पितळेची झडप पूर्ण लाकडाच्या खोबणीत, ॲल्युमिनियमला कुठंही लागत नाही. पितळ आणि ॲल्युमिनियम ओलाव्यात एकमेकांना चिकटून राहिले की ॲल्युमिनियम कुरतडलं जातं, आणि वाळवणाच्या कपाटात ओलावा असणारच.

१५ मार्च

रंग. फिल्म काढली, थिनरनं मेण-तेल पुसलं, २२० नं सगळीकडं घासलं, एच प्राइमर (धातूला रंग धरून ठेवणारं अस्तर), मग फळ्याचा काळा मॅट रंग. चकचकीत काळा नको, तो ऊन परत फेकतो. पट्ट्या उघड्यावर उन्हात ठेवल्या. रंगाचा वास पूर्ण जाईपर्यंत कपाटात अन्न जाणार नाही.

२२ मार्च

वर काच न घालता पॉलिकार्बोनेट घातलं. २०१४ साली फेब्रुवारी-मार्चात मराठवाड्यात जी गारपीट झाली ती विसरलेलो नाही. काच फुटून मेथीत पडली तर ते सगळं फेकावंच लागेल. पॉलिकार्बोनेटही त्याच ६० दाती पात्यानं, तसंच प्लायवर ठेवून कापलं. फक्त वेग जरा जास्त ठेवावा लागला, रेंगाळलं की ते वितळून खाचेत परत चिकटतं.

पहिली परीक्षा मेथीची. दुपारी एकला वरच्या जाळीवर ५८ अंश. पालेभाजीला हे जास्त, रंग जातो. झडप उघडली, पाऊण तासात ५० च्या खाली आलं. पट्ट्यांपैकी एकही फुगलेली नाही, फटी सारख्या. संध्याकाळी मेथी हातात चुरली गेली आणि हिरवी राहिली. ताईंनी पान तोंडात टाकून पाहिलं, आणि लगेच विचारलं, "दादा, मिरचीला किती दिवस लागतील?"

२९ मार्च

उद्या पाडवा. त्याआधी दुसऱ्या पेटीची तयारी, शेजारच्या गावच्या गटानं मागितलीय.

६० दाती पातं भिंगाखाली पाहिलं. टिकल्या शाबूत, दोन दात्यांच्या पोटात थोडं ॲल्युमिनियम. ते बांबूच्या काडीनं निघालं, लोखंडी ब्रश लावला नाही. हे पातं आता पत्र्यासाठीच बाजूला ठेवलं, वर लाल रंगाचा ठिपका. जुन्या सागात ते जाणार नाही. तुळईत चुंबकातून सुटलेला एखादा खिळा निघाला तर एकाच क्षणात टिकल्या उडतील. जिग सॉचं टी-११८-ए बदलायला आलंय, मधले दाते बोथट झालेत, टोकाचे तसेच आहेत, कारण थप्पी एकाच जाडीची होती. पुढच्या वेळी वरचा प्लाय जाड घेऊन पात्याचा दुसरा भाग वापरता येईल.

दुसऱ्या पेटीला भाचा पट्ट्या कापणार. त्याला दिलेला क्रम: आधी झाडलोट आणि ताडपत्री, मग थप्पी, मग खोली मोजून चार मिलिमीटर, मेणबत्ती, आणि वाया गेलेल्या पट्टीवर एक काप. तो काप मला दाखवायचा, मगच पत्र्याला हात लावायचा.